वहीवरचं नाव

ऐकलीस का,

बत्तीस वर्षं मी तुला ह्याच दोन शब्दांनी हाक मारली. ऐकलीस का, पाणी दे. ऐकलीस का, बसवकल्याणला जायलोय, यायला उशीर होईल. नावानं कधी बोलावलं न्हाई. आपल्यात तशी रीत न्हाई, लग्नात उखाण्यापुरतं एकदा घेतलं तेवढंच. आणि तेही तुझं नाव नव्हतं. ते पुढं सांगतो.

आज बुधवार हाय. दुपारचे अडीच वाजलेत. चारला गच्चीवरचा लॅपटॉप वाजंल. तू गेल्यापासून पाच बुधवार तो वाजला, आणि पाचही बुधवार मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून नुसता बघत राहिलो. पडद्यावर आपल्या सुनेचा फोटो येतो, खाली हिरवं बटण येतं. ते दाबलं की ती दिसती, हे मला ठावं हाय. तू दाबताना मी जिन्यातून शंभरदा बघितलंय. पण दाबून बोलू काय? तिला जर्मन येती आणि इंग्रजी येती. मला मराठी येती, हिंदी येती, आणि गिऱ्हाइकापुरती मोडकी कानडी. बराच वेळ वाजून तो गप होतो. मग मी उगंच टाकीत पाणी किती हाय ते वाकून बघतो आणि खाली येतो.

महेशचा फोन येतो रात्रीचा, कामावरून आल्यावर. "अप्पा, हाना बुधवारी लावती, उचला की. तिचे दिवस भरत आलेत. म्हणती, सासूच्या घरातला आवाज तरी ऐकू द्या." मी म्हणतो, लाईट नव्हती. महेशला ठावं हाय की लॅपटॉप बॅटरीवर चालतो. आपल्या मंठाळ गावात सगळ्यांना वाटतं मी गप माणूस हाय. गप न्हाई गं, मी आडमुठा हाय, हे तुला एकटीला ठावं होतं.

दुकानात विहिरीवरच्या तीन जळालेल्या मोटारी पडल्यात. लोक येतात, म्हणतात, "वाइंडिंगवाले, ऊस वाळायलाय, मोटार कधी देताव?" देतो म्हणतो. तारेचे वेढे मोजायला बसलो की मधेच चुकतो. आधी असं होत नव्हतं. आधी तू आतून काहीतरी बडबडत असायचीस, मी "गप की जरा, मोजायलोय" म्हणून ओरडायचो, आणि मोजणी बरोबर यायची. आता घर एवढं गप हाय की मोजणीच जमंना.

तू गुलबर्ग्याकडच्या कडगंचीची, कानडी घरातली. आपली जात एक, देव एक, भाषा दोन. आपल्या आज्या-पणज्यानं मेंढरं घेऊन ह्याच पट्ट्यात गवत तुडवलं. मेंढराला कुठं ठावं कानडी शिवार कुठं संपलं आणि मराठी कुठं लागलं. म्हणून सोयरिकी इकडून तिकडं होतच आल्या. पण आमचं घर पक्कं मराठी. आमचा बाप म्हणायचा, "आपण महाराष्ट्रातलेच, राज्याची रेघ चुकली आणि गाव कर्नाटकात पडलं." त्या रेघेच्या रागापायी त्यानं मला मराठी शाळेत घातलं, आणि कानडीचं एक अक्षर शिकू दिलं न्हाई. बाप गेला. राग मी सांभाळला, वडिलोपार्जित रान सांभाळावं तसा.

लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि मला अंगठीनं तुझं नवं नाव लिहायला सांगितलं. तू नीलव्वा होतीस. माय म्हणली, असलं नाव आपल्यात चालत न्हाई, निर्मला लिही. मी लिहिलं. तू बाजूला बसून ते बघितलंस, पण तुला ते वाचता येत नव्हतं. कानडी शाळेत सातवी झालेली तू. आपलं नाव गेलं आणि जागी काय आलं, हेही तुला दुसऱ्याला विचारावं लागलं. त्या वेळी मला ह्यात काही वाटलं न्हाई. आता ताटात तांदूळ निवडायला घेतले की वाटतं.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मी रानातून आलो, तू दारात आलीस आणि विचारलंस, "ऊट आतेन्री?" जेवण झालं का, एवढंच. तुमच्या गावात भेटलेल्या माणसाला हेच विचारतात, राम राम म्हणावं तसं. चुलीपुढून माय कडाडली, "ह्या घरात मराठीत बोलायचं!" तू माझ्याकडं बघितलंस. मी पाय धुवायला गेलो. त्यानंतर त्या भाषेत तू मला कधी काही विचारलं न्हाईस. सहा महिन्यांत तुला असली मराठी आली की नळावरच्या बायका म्हणायल्या, ही उदगीरची असंल.

कशी शिकलीस तेही मला ठावं हाय. नळावर एक नवा शब्द ऐकायचीस, घरी आणायचीस, आणि तो त्याच दिवशी वापरायचा हा तुझा नेम. पण माणसापुढं चुकायची लाज. म्हणून आधी गोठ्यात जाऊन शेळीला म्हणायचीस. मी एकदा हसलो तर म्हणलीस, "हसा तुमी. शेळी हसत न्हाई." महेश बोलायला लागला तेव्हा तू त्याला तुमच्यासारखं आईला "अव्वा" म्हणायला शिकवलंस. मायनं चार दिवसांत मोडून काढलं. तो "माय" म्हणायला लागला. तू त्यालाही ओ देत राहिलीस.

आणि मी? बत्तीस वर्षांत गुलबर्ग्याच्या स्टँडवर एक बोर्ड मला वाचता आला न्हाई. तू पुढं व्हायचीस, बसच्या कपाळावरचं वाचायचीस, मागं वळून नुसती मान हलवायचीस. मी पिशव्या घेऊन मागं. लोकांना वाटायचं, बाईमाणूस जागा धरायला पळायलंय. मला वाचता येत न्हाई हे चारचौघांत तू कधी कळू दिलं न्हाईस, एवढं मात्र खरं.

मग ते दिवस आले, गावातलं एकेक पोरगं पुण्याला न्हाईतर हैदराबादला जायला लागलं. महेश पुण्याला गेला, तिथून कंपनीनं जर्मनीला पाठवला. मी गावभर पेढे वाटले. दीड वर्षानं फोटो आला, एका कचेरीत दोघं सही करायलेत. लग्न! आणि मी तर उदगीरच्या सोयऱ्यांना शब्द दिलेला. माझं तोंड काळं झालं, असं मी म्हणालो. तू फोटो हातात धरून उभी होतीस. तू म्हणलीस, "पोरगी लई वाळलीय. आई न्हाई वाटतं तिला." खरंच नव्हती. तुला फोटोवरून कसं कळलं, देव जाणे.

महेश एकटाच येऊन आठ दिवस राहिला. मी त्याच्याशी हूं-न्हाई एवढंच बोललो. जाताना तो जुना लॅपटॉप आणि ते नेटचं काडीएवढं यंत्र ठेवून गेला. रेंज घरात कुठंच लागंना. तू ते घेऊन चुलीपासून गोठ्यापर्यंत फिरलीस. शेवटी गच्चीवर, टाकीच्या उत्तरेच्या बाजूला लागली. तिथं तू पोतं टाकलंस, पडद्यावर ऊन पडू नये म्हणून छत्री बांधलीस, आणि तुझी शाळा सुरू झाली.

त्या देशाचा रेडिओ परदेशातल्या लोकांना जर्मन शिकवायचे धडे नेटवर फुकट देतो, हे महेशनंच दाखवलं होतं. एक बाई सावकाश बोलायची, मधी थांबायची, तू तिच्या मागं म्हणायचीस. मी दुकानातून ऐकायचो. "फुकट ते पौष्टिक!" म्हणून खालून ओरडायचो. "ह्या वयात मडमेची भाषा! पालथ्या घड्यावर पाणी!" तू वरून म्हणायचीस, "घडा माझा हाय, पाणीबी माझं हाय, तुमी वेढे मोजा." मी हसलो न्हाई असं दाखवायचो, पण हसू यायचं.

एका फुकट शिकवणाऱ्या ठिकाणी आधी नाव भरावं लागायचं. तिथं विचारलं होतं, तुमची मातृभाषा कोणती. तू जिन्यातून विचारलंस, "अवो, इथं काय भरू?" मी म्हणालो, "मराठी भर. त्यात विचारायचं काय?" तू वर गेलीस. काय भरलंस ते मी विचारलं न्हाई, तू सांगितलं न्हाईस.

आणि त्या शेळ्या! बत्तीस वर्षांपूर्वीच्या शेळीच्या नाती-पणत्यांनी पुन्हा तोच जाच सोसला. "कोम, कोम", म्हणजे ये ये, म्हणलं की काळी शेळी धावत यायची. शेजारची गंगूअक्का एकदा घाबरून माझ्याकडं आली, "वाइंडिंगवाले, निर्मलाला काही झालंय काय? गोठ्यात मंत्र म्हणायलीय." मी म्हणालो, "अक्का, शेळ्यांना जर्मनीला पाठवायलीय." तू आठ दिवस त्यावर हसलीस. परवा मी काळीला सवयीनं "हुर्र" केलं तर ती जागची हलली न्हाई. "कोम" म्हणालो तेव्हा आली. मला गोठ्यातच बसावं वाटलं, आणि मी बसलो.

पहिला बुधवार मला आठवतो. महेश कामावर असताना, त्याला मधी न घेता तुम्ही दोघींनी बोलायचं, असं तूच ठरवलं होतंस. आपल्याकडचे चार म्हणजे तिकडची जेवायची वेळ. मी जिन्यात उभा. तू पदर सारखा केलास, हिरवं बटण दाबलंस, आणि पहिलं वाक्य जे बोललीस ते होतं, "हास्ट डू गेगेसन?" जेवलीस का. नमस्कार न्हाई, कशी हायस न्हाई. सगळी जर्मन शिकून तू कडगंचीच्या दारातच उभी होतीस.

ती बिचारी गडबडली. दर बुधवारी सासू पहिलं हेच विचारती म्हणल्यावर तिला वाटलं, सासूला काळजी हाय, ही जेवती की न्हाई हे तिला बघायचंय. ती ताट घेऊनच बसायला लागली. पडद्यापुढं ताट धरून दाखवायची, मग एक घास खाऊन दाखवायची. तुला वाटलं, तिकडची रीतच असंल, पाहुण्यापुढं आपण आधी खायचं. मग तूही भाकरी-चटणी घेऊन वर जायला लागलीस. दोघी समोरासमोर खायच्या. दोन-तीन महिन्यांनी महेशनं दोघींना उलगडा केला, हानाला म्हणाला, अगं सासू फक्त बरी हायस का असं विचारायलीय. तू तोंडाला पदर लावून एवढी हसलीस की छत्री पडली. पण ताट काही सुटलं न्हाई. बुधवारी मला दुपारी एकटं वाढून ठेवायचीस आणि स्वतः चारला वर जाऊन जेवायचीस. मला राग यायचा. नवऱ्याला सोडून लॅपटॉपसंगं पंगत! बोललोही मी तसं. आज सांगतो, राग न्हाई गं, मला एकट्याला ताटावर बसवत नव्हतं. त्या वेळी आठवड्यातून एक दिवस होता.

मग एका बुधवारी मी जिन्यात असताना ती तुला म्हणली, "अव्वा." मला वाटलं ऐकण्यात फरक झाला. पुन्हा म्हणली. मी डोकं वर काढून बघितलं, तर तू छत्रीची काडी धरून बसलेली आणि डोळ्यातून धारा. पोटच्या पोराच्या तोंडून मोडून काढलेलं, ते दोन हजार कोस लांबच्या परक्या पोरीनं म्हणलं. तू तिला शिकवलंस हे उघड होतं. त्या दिवशी मी खाली येऊन मोटारीला उगंच हातोडी मारत बसलो.

आपलं शेवटचं भांडण मी रोज नव्यानं भांडतो. हानाला सातवा महिना लागला होता. तू म्हणलीस, "ती बाळंत व्हायच्या आत एकदा तरी तिच्याशी बोला. न्हाईतर ते लेकरू म्हणंल, आजा मुका हाय."

"म्हणू दे. मला न्हाई येत त्यांची भाषा."

"माझी तरी कुठं येती तुमाला?"

मी म्हणालो, "तुझी कामून शिकू? तुला मराठी येती की."

तू माझ्याकडं बघितलंस, त्या पहिल्या आठवड्यात बघितलं होतंस तसं. आणि म्हणलीस, "व्हय. मला येती." आणि भाकरी थापायला लागलीस. मी पुढं काहीतरी बोलायला पायजे होतं. तोंडाशी आलं होतं. दुकानात गिऱ्हाईक आलं आणि मी सुटलो, असं मला वाटलं.

त्यानंतर तुला ताप आला. गुलबर्ग्याला नेलं. तापात तुझी मराठी गेली. बत्तीस वर्षांची मराठी एका रात्रीत अंगावरच्या घोंगड्यासारखी उतरली आणि आत सगळी कानडी. नर्स तुझ्याशी बोलायची, तू तिच्याशी बोलायचीस, भरभरून, आपल्या लग्नाआधीचं काहीबाही, कुठल्या विहिरीचं, कुठल्या मैत्रिणीचं. मी उशाशी बसलेलो. पाच शब्दांतला एक कळायचा. नर्सनं मला विचारलं, "तुम्ही ह्यांचे कोण?" मालक, म्हणालो. तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मग तुम्हाला कळत कसं न्हाई. सकाळी तू गप झालीस.

तेरावा झाल्यावर दवाखान्याचा कागद आणायला एकटाच गुलबर्ग्याला गेलो. परत येताना स्टँडवर दोन बसा उभ्या. दोन्हीच्या कपाळावर तीच वेटोळी. तुझ्या लिपीला मी म्हणायचो ना, जळालेल्या मोटारीतून उपसलेली तार? मी मागं वळून बघितलं, गं. पिशवी हातात धरून मागं वळून बघितलं, की तू मान हलवतीस का. मग विचारायची लाज वाटली म्हणून एकीत चढून बसलो. झोप लागली. जाग आली तर दोन्ही बाजूला ऊसच ऊस, आणि कंडक्टर तिकीट मागायलाय. बस उलट्या दिशेला, अफजलपूरला चाललेली. तो कानडीत म्हणाला, "अज्जा, बोर्ड बघितला न्हाई व्हय?" बसमधले लोक हसले. मला उतरवलं. उसाच्या फडाच्या कडंला, मैलाच्या दगडावर मी बसलो. त्या दगडावर पण कानडीच लिहिलेलं. ह्या मुलखात जन्मलो, इथं साठीला आलो आणि आपण कुठं बसलोय हे मला वाचता येईना. तेव्हा मी रडलो. तुझ्या मातीला इतका रडलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर गेलो. लॅपटॉपखाली तुझी वही होती. शंभर पानी, कव्हर गेलेली, वर महेशच्या जुन्या नकाशाचा कागद चढवलेला. उघडली. पानंच्या पानं भरलेली आणि सगळी वेटोळी. जर्मनचे सगळे शब्द तू कानडी अक्षरांत लिहून ठेवलेले. मी वेड्यासारखा एकेक पान उलटत गेलो. मराठीचं एक अक्षर न्हाई. मला तिच्याशी बोलायचं तर ह्या वहीतून जावं लागणार, आणि ह्या वहीला माझी लिपी येत न्हाई.

गंगूअक्काचा पोरगा कानडी शाळेत मास्तर हाय. त्याच्याकडं न्यावी असं मनात आलं. दारापर्यंत गेलोसुद्धा. पण मग वाटलं, तुझी वही परक्यानं वाचायची आणि मी पुन्हा पिशवी घेऊन मागं उभं राहायचं? परत फिरलो.

मग मी काय केलं ते ऐकून हसशील. हस खुशाल. तू करायचीस तसं ते यंत्र लावलं, पोत्यावर बसलो, छत्री बांधली. नेटवर लहान लेकरांसाठी कानडी अक्षरं शिकवणारे व्हिडिओ हायेत. फुकट. एक हत्ती येतो, एक अक्षर सोंडेत धरतो, एक पोरगी गाणं म्हणती आणि ते अक्षर पुन्हा पुन्हा म्हणायला लावती. तीन वर्षं खालून "फुकट ते पौष्टिक" ओरडणारा माणूस तीन आठवडे हत्तीपुढं बसला. अक्षर बघायचं, पाटीवर काढायचं, पुसायचं. आधी बोट वळंना. मग एक दिवस कळलं, हे वाइंडिंगच हाय की. वेढा कुठून सुरू करायचा आणि कुठं सोडायचा हे कळलं की हात आपोआप फिरतो. त्याच आठवड्यात एक मोटारही झाली.

नवं अक्षर त्याच दिवशी वापरायचं, हा तुझा नेम. मी गोठ्यात जाऊन काळीला वाचून दाखवायचो. खरंच हसत न्हाई गं ती.

गेल्या रविवारी वहीवरचा तो नकाशाचा कागद हातात घेतला. कोपऱ्यात शाईनं एक शब्द लिहिलेला होता. शब्द म्हणून सुटा वाचलेला माझा पहिलाच. अक्षराला अक्षर जोडत गेलो. मला वाटलं होतं, निर्मला असंल. नी. ल. मग ते जोडाक्षर, त्याला हत्तीच्या गाण्यात शोधायला अर्धा तास गेला. नीलव्वा.

बत्तीस वर्षं सगळ्या गावानं निर्मला म्हणलं, राशन कार्डावर निर्मला, दवाखान्याच्या कागदावर निर्मला, आणि तू आपल्या वहीवर आपल्या हातानं आपलं नाव लिहून ठेवलं होतंस. कुणाला दाखवायला न्हाई. ते मला वाचता येणार न्हाई, हे तुला पक्कं ठावं होतं. माझ्या डोळ्यापुढं तीन वर्षं ती वही होती. मला माफ कर, असं आता लिहितो. जिती असताना म्हणालो असतो तर तू "राहू द्या की" म्हणून विषय बदलला असतास, हेही मला ठावं हाय.

काल वहीचं पहिलं पान काढलं. पहिली ओळ दिवसभर लावली. आली. पन्नासदा काळीला म्हणून दाखवली. आता साडेतीन झालेत. वर जातो.

सहा वाजलेत. खाली आलोय.

चारला वाजला. एकदा वाटलं सोड, पुढच्या बुधवारी बघू. पण पुढच्या बुधवारी तिचं बाळंतपण आलं तर? हिरवं बटण दाबलं. ती दिसली. तुझ्याऐवजी मी दिसलो म्हणून तिनं तोंडावर हात ठेवला. माझ्या मांडीवर तुझी वही, पहिल्या ओळीवर बोट. मी नमस्कार केला न्हाई. वर बघितलंच न्हाई. बोट फिरवत एकेक अक्षर वाचलं.

"हास्ट... डू... गेगेसन?"

वर बघितलं तर पडद्यावर नुसती भिंत. मला वाटलं, चुकलं काहीतरी, गेली उठून. एवढ्यात ती आली. सावकाश चालत, पोट सांभाळत, आणि हातात ताट. ते तिनं पडद्यापुढं धरून मला दाखवलं. एक घास घेतला. रडत होती आणि चावत होती. मला रडू आवरंना, मी छत्रीकडं बघत बसलो.

मग तिनं नाक पुसलं आणि विचारलं, "अप्पा, ऊट आतेन्री?"

नीलव्वा, तुझाच आवाज. शेवटाला तू जसा वर चढवायचीस तसाच. तू तिला मराठी शिकवली असशील असं मी धरून चाललो होतो. तू तिला तुझी भाषा दिलीस. ज्या घरातून ते वाक्य हाकललं, त्याच घराच्या गच्चीवर ते जर्मनीहून फिरून आलं, आणि आता माझ्यापुढं येऊन उत्तर मागत होतं. ह्या खेपेला पाय धुवायला जायची सोय नव्हती.

मी म्हणालो, "इन्ना इल्लव्वा." अजून न्हाई, बाई.

तिला कळलं. तिनं बोटानं जिन्याकडं खूण केली, तुझ्यासारखी, कपाळाला आठ्या घालून. जा, घेऊन या. मी खाली आलो. सकाळची भाकरी होती, शेंगाची चटणी होती. ताट घेऊन वर गेलो. ती थांबली होती. पुढं ती बरंच काही बोलली, मला एक शब्द कळला न्हाई, अव्वा तेवढा मधून मधून ऐकू यायचा. आम्ही जेवलो. तिनं बघितलं, मी पूर्ण भाकरी खाल्ली का. उद्यापासून दुसरी ओळ लावायला घेतो. वही मोठी हाय.

ताट धुऊन आलोय, आणि पहिल्या आठवड्यात दारात उभं राहून तू विचारलेल्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते तुझ्याच भाषेत देतो, की जेवण झालं.

नीलव्वा, ऊट आत.